उज्ज्वला वैनीची बत्तीस जीबी रॅम

उज्ज्वला वैनी गेली त्याला आज वर्ष झालं.
आणि मला आज तिच्या रॅमबद्दल बोलायचंय.

हो, रॅम. कॉम्प्युटरमधली.

साधा ताप म्हणून दवाखान्यात गेली, ती परत आलीच नाही. त्यावर रडून झालंय वर्षभर. आज ती गोष्ट सांगते, जी वैनीला बसून सांगताच यायची नाही. उभी राहायची, हातवारे करायची.

वैनी म्हणजे माझ्या दादाची बायको. शिरपूरकडची. लग्न होऊन सुरतेत, लिंबायतच्या आमच्या घरी आली. दादा लूम चालवतो. वैनी घरी साड्यांना टिकल्या चिकटवायची, आणि चिकटवता चिकटवता डिझाईन काढणाऱ्याचा उद्धार करायची.

"ही वेल बघ सोनू. चांगली चालली होती, पदराजवळ आली आणि मेली!"

मी म्हटलं, मग तूच काढ ना.

तिने खरंच उधन्याला टेक्स्टाईल डिझाईनचा क्लास लावला. दादाने कुठल्यातरी ऑफिसने काढून टाकलेला कॉम्प्युटर घरी आणला. छोटी फुलं, बुट्टे, सगळं त्यावर झकास चालायचं.

मग रिंग रोडच्या मार्केटमधल्या एका शेठने तिचं काम बघितलं आणि म्हणाला, "बेन, शनिवारपर्यंत अख्खी साडी द्या. बॉडी, बॉर्डर, पदर, सगळं एका फाईलमध्ये. जमलं तर कायमचं काम."

अख्खी साडी! साडेपाच मीटर!

वैनी घरी नाचत आली.

आणि मशीनने हात टेकले.

ब्रश फिरवायचा, उठून चहा ठेवायचा, परत यायचं, तेव्हा कुठे रेघ उमटायची. पदर जोडायला घेतला तर स्क्रीनवर मेसेज. स्क्रॅच डिस्क फुल.

"आते हाई काय नवीन?" वैनी ओरडली.

मी शोधून सांगितलं. फाईल मोठी झाली की रॅम पुरत नाही, मग सॉफ्टवेअर हार्ड डिस्कवर जागा मागतं. आपल्याकडे तीही भरलीय.

वैनीने एक सेकंद विचार केला आणि स्वतःच्या लग्नाचा व्हिडिओ डिलीट केला.

"वैनी!!"

"लगीन व्हई गयं ना? मग?"

तरी फाईल उघडेना.

रात्री जेवताना तिने ताट अर्ध्यावर सरकवलं. फ्रिजसाठी पैसे बाजूला ठेवले होते, पण त्यांचं नाव कुणी काढेना. शेवटी आईच बोलली. माझी आई, म्हणजे वैनीची सासू.

"फ्रिज पुढला साले लेसूत. तिनं काम आते शे."

फ्रिज पुढच्या वर्षी, वैनीचं काम आत्ता. विषय संपला. दादा म्हणाला, माठातलं पाणीच गोड लागतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि वैनी कॉम्प्युटरच्या दुकानात. आत शिरल्यावर वैनी जी हरखली! बस्त्याला गेल्यासारखी एकेक वस्तू हातात घेऊन बघत होती.

दुकानदाराने काचेचा कॅबिनेट पुढे केला. आत निळे-लाल दिवे, भलं मोठं ग्राफिक कार्ड. "आ लई जाव बेन, एकदम टॉप."

वैनीने पर्समधून पेन ड्राईव्ह काढला. "भाई, माझी साडी उघडून दाखवा."

त्यालाही मजा वाटली. लावला. दिवे चमकत राहिले, फाईल अर्ध्यावर अडकली.

"यात रॅम कमी छे," तो स्वतःच म्हणाला आणि मागून एक साधा काळा डबा ओढला. कार्ड साधंच, पण बत्तीस जीबी रॅम आणि एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क. फाईल उघडली! वैनीने माऊस धरला, पदर ओढून बॉडीला लावला.

लागला. एका झटक्यात!

वैनीची टाळी एवढी जोरात वाजली की शेजारच्या दुकानातला माणूस डोकावला.

मग मॉनिटर. तिने मरून रंगाच्या कापडाचा तुकडा सोबत आणला होता. प्रत्येक स्क्रीनवर तोच मरून उघडायचा आणि कापड शेजारी धरायचं.
"हा विटकरी दाखवतोय."
"हा वांग्यासारखा."
"हा! सोनू, हा बघ, कापड कुठे संपलं कळतंय का?"
दुकानदाराने खुर्ची आणून दिली, स्वतःसाठीही एक ओढली आणि आमच्याबरोबर मरून रंग बघत बसला.

रिक्षात कॅबिनेट तिच्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याला ओरडा.

घरी जोडलं, चालू केलं. ब्रश हाताबरोबर पळायला लागला. वैनीने पहिल्यांदा काय काढलं? वेल. बॉडीतून निघाली, बॉर्डरवरून वळली आणि सबंध पदरभर पसरली. आई, दादा, मी मागे उभे.

शनिवारी फाईल शेठकडे. त्याने झूम करून कोपरे तपासले, सांधे तपासले, आणि म्हणाला, "सॅम्पल काढा."

प्रिंटिंग सुरतेजवळच्या सचिन गावातल्या कारखान्यात होतं. वैनी म्हणाली, मी बघणार. गेलो दोघी.

मशीनमधून आधी नुसतं पांढरं कापड आलं. मग मरूनची एक बारीक कड. मग पानं. मग वेल, येतच राहिली, येतच राहिली, आणि वैनी त्या कापडाबरोबर मशीनच्या कडेने चालायला लागली. ऑपरेटर ओरडला, "हात मत लगाना, गीला है!" पण तिने बोट लावलंच.

आणि त्या सगळ्या खडखडाटात, अनोळखी माणसांसमोर, माहेरच्या शेतात ओरडावं तशी ओरडली,
"सोनू! हाई मन्हं शे! हाई मन्हं शे!"

हे माझं आहे.

हो वैनी. तुझंच आहे.

भरल्या मनाने निरोप देते गं तुला.