मुंगण्याचे अकरा खुंट

आमच्या इंझोरीच्या घरात चुलतसासऱ्याचा शब्द चाले. त्याच्यापुढं मी मान खाली घातली, पदर कधी ढळू दिला नाही. ही गोष्ट सांगताना मात्र मी त्याला अहोजाहो करणार नाही, तेवढी त्याची लायकी नव्हती.

न्हाणीच्या सांडपाण्यावर आमचा मुंगणा वाढला होता. शहरातले लोक त्याला शेवगा म्हणतात. कोणी त्याला कधी घागरभर पाणी घातलं नाही, तरी फुलं, शेंगा, पाला, सगळं त्यानं घराला पुरवलं. हा गृहस्थ वरणातल्या शेंगा चोखून ताटाभोवती चोथ्याचा ढीग लावी, आणि हात धुता धुता म्हणे की मुंगणा दारी असला की घरात भांडणं होतात. भांडणं लावत हाच होता. नाचता येईना, अंगण वाकडं.

माझी पहिली मुलगी ऐन चैत्रात झाली. दूध पुरेना, पोर रडून रडून निळी पडे. शेजारच्या पिंजाऱ्याच्या बायकोनं, आमच्या चाचीनं, भिंतीवरून सांगितलं की रोज मुंगण्याच्या पाल्याची भाजी खा. मी दोन्ही वेळा भाकरीशी तीच खाल्ली. दूध उतरलं. पाल्यानं उतरलं की चाचीनं धीर दिल्यानं, देव जाणे. पोर पोटभर पिऊन झोपायला लागली, एवढं खरं.

वैशाखात चुलतसासऱ्याचं माझ्या सासऱ्यांशी धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, वाजलं. राग निघाला झाडावर. दोन माणसं लावून त्यानं ते बुडख्यासकट खणून काढायला घेतलं. सासूबाईंनी हात जोडले, बाळंतिणीचं दूध त्या पाल्यावर आहे म्हणून विनवलं. त्यानं वळूनही पाहिलं नाही.

"पोरगीच हाये ना? मंग कायले एवढं?"

हे मी आजवर विसरले नाही, विसरणारही नाही.

माझं दूध परत आटलं. लढाईचे दिवस होते, साखर मोजून मिळे; गोठ्यात दुभतं जनावर नव्हतं. कंट्रोलच्या साखरेचं पाणी कापसाच्या बोळ्यानं पाजत मी पोरीच्या फासळ्या मोजत बसे.

आणि हा शहाणा? मुंगण्याचं लाकूड चुलीत नुसतं धुपतं, पण फुकटचं टाकवेना. म्हणून त्यानं जाड फांद्यांचे अकरा खुंट केले आणि गोठ्यापुढच्या वाडग्याला, गुरांच्या मोकळ्या आवाराला, कुंपण म्हणून स्वतःच्या हातानं गाडले. मुंगण्याची फांदी मातीत रोवली की तिचंच झाड होतं हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. याची अक्कल त्या दिवशी शेण खायला गेली होती.

गुरांच्या मुतानं तिथली जमीन कायम ओली. थोड्याच दिवसांत खुंटांना कोंब आले, महिन्याभरात पाला आला. अकराच्या अकरा जगले. मी त्याच्या डोळ्यांदेखत ओटीभर पाला खुडून नेऊ लागले. आठवड्यात दूध आलं.

दाराशी एकाचे अकरा मुंगणे झालेले पाहून तो एक दिवस कुदळ घेऊन आला. मी पोरीला पदराखाली घेऊन वाडग्याशीच बसले होते. तोवर त्याच्याशी मी एक शब्द बोलले नव्हते.

"उपटा, मामाजी," मी म्हणाले. "पन आता हे कुठी गाडनार, थे आधी सांगा."

शेण भरणारा गडी तोंड फिरवून हसला. चुलतसासरा कुदळ तिथंच टाकून घरात गेला. पोरगीच ती, पोट भरेपर्यंत पीत राहिली.