गयेला सोडलेला कप

मंडळी, दुपारी भोकरदनजवळच्या आमच्या गावी जाऊन आले. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहिते.

आम्ही बौद्ध. वडील शाळेत मास्तर होते. सत्तरच्या दशकात ते आणि शेजारचे पाटीलकाका सोबत गयेला गेले. काकांना आईबापाचे पिंड द्यायचे होते, वडिलांना बोधिवृक्ष पाहायचा होता. नदीकाठी वडिलांनी काकांचे कपडे सांभाळले. दुसऱ्या दिवशी बोधगयेत काकांनी वडिलांच्या चपला सांभाळल्या. हे लहानपणापासून ऐकत आलेय.

वडील आता नाहीत. काका नव्वदीत आहेत. आज त्यांच्यासाठी सीताफळं नेली आणि एकदम आठवलं, गयेला पिंडदान केलं की आवडतं फळ कायमचं सोडतात. विचारलं, "काका, सीताफळ चालतं ना? तुम्ही काय सोडलं होतं?"

काकांनी हातात घेतलेलं सीताफळ खाली ठेवलं.

"फळ न्हाई सोडलं, बाई. आमच्या ओसरीवर मास्तरचा येगळा कप राह्यचा. रेल्वेत तीन दिवस त्याच्याच डब्यातलं खाल्लं. मंग पंड्यानं विचारलं, काय सोडता, तवा तो कपच डोळ्यापुढं आला. तोच सोडला."

"वडिलांना सांगितलं होतं?"

"न्हाई. लाज वाटली."

तो कप मला आठवतो. चहा झाला की वडील स्वतः विसळून कोनाड्यात ठेवायचे. एक दिवस तो दिसला नाही, तेव्हा मी विचारलं होतं. वडील म्हणाले, "फुटला असेल."

काकांचा राग आला की नाही, अजून ठरत नाही. ओसरीवरचा कप सोडायला माणसाला गयेपर्यंत जावं लागलं.

तुमच्या घरातला कुठे सोडलात? की अजून कोनाड्यातच आहे?