चौथा खांदा

शनिवारी दुपारी आम्ही दोघं किचनच्या टेबलावर गवार मोडत बसलो होतो. मी दोरे नीट काढत नाही म्हणून ती माझ्या ढिगातली एकेक शेंग उचलून पुन्हा बघत होती. "अहो, दोरे काढा. चावायला दात उरलेत का तुम्हाला?" मी म्हटलं, "तुझे तरी कुठं उरलेत?" खिडकीबाहेर गार्डनमध्ये तो मॉर्मनांचा उंच पोरगा आमचं गवत कापत होता. रात्री गवार-भाकरी खाल्ली. रविवारी सकाळी ती उठली नाही.

त्या पोराचं सांगतो. अमेरिकेतला, एकोणीस वर्षांचा. मॉर्मन हा आपला ख्रिस्ती पंथ सांगत फिरायला दोन वर्षं घर सोडून इथं इंग्लंडात, आमच्या लेस्टरला आलेला. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पाटी आणि पाटीवर नावाआधी 'एल्डर'. म्हणजे वडीलधारा. मिशी फुटली नव्हती अन् म्हणे वडीलधारा! बरोबर कायम एक बुटका जोडीदार. एकट्यानं कुठं हिंडायचं नाही असा त्यांचा नियम. "संडासला तरी एकटा जातोस का?" असं मी विचारलं होतं. पहिल्यांदा आले तेव्हा हिनं चहा टाकला. तर त्यांना चहा चालत नाही, कॉफी चालत नाही. ही फणफणली. दुसऱ्या खेपेला ताक दिलं. उंच पोरानं दोन पेले ढोसले, आणि हिनं त्याला 'आजी' म्हणायला शिकवलं. मी आजोबा. आम्हाला मूलबाळ नाही, नातू कुठला! मी म्हणायचो, ही पोरं देव विकायला आलीत. ती म्हणायची, "तुम्ही घेऊ नका. गवत तर कापतात ना?"

या देशात मेल्यावरही नंबर लागतो. दहनाला शुक्रवार मिळाला, तर नशीब म्हणाले. तोवर ती तिकडं थंड खोलीत. मला एकच घोर. घरातून गाडीपर्यंत तिची शवपेटी उचलणार कोण? माझा उजवा खांदा मोज्यांच्या फॅक्टरीत गेला. ऑपरेशन झालं तरी हात वर जात नाही. बर्मिंगहॅमचा पुतण्या, शेजारचा गुजराती आणि त्याचा भाऊ, असे तीन झाले. आमच्या वयाची मराठी माणसं स्वतःच काठी टेकत चालतात. आयटीतली नवी पोरं म्हणाली, "काका, ट्राय करतो." मयताची सोय करणारा फ्युनरलवाला म्हणाला, चौथा आमचा माणूस देतो. मला तिच्या हातचं न खाल्लेला माणूस नको होता.

सोमवारी ती दोघं आली. सोमवार त्यांचा कपडे धुवायचा, घरी फोन करायचा, म्हणून जीन्समध्ये. दारातूनच त्यानं आत मान घातली. "आजी?"

"मेली," मी म्हटलं. "काल. तू तेव्हा चर्चमध्ये गात असशील."

तो पायरीवर खाली बसला. म्हणाला, "मी काय करू, आजोबा? काहीही सांगा."

"खांदा देशील?"

खांदा म्हणजे काय ते माझ्या फॅक्टरीतल्या इंग्लिशमध्ये समजावलं. लगेच हो म्हणाला. मग स्वतःहून सांगितलं, गेल्या हिवाळ्यात त्याची स्वतःची आजी वारली. हा गेला नाही. जायचं का असं चर्चवाल्यांनी विचारलं होतं म्हणे, पण सहसा कुणी जात नाही, काम अर्धं सोडत नाही. कपडे धुवायच्या दुकानात बसून मोबाईलवर तिची मयत बघितली.

"स्वतःची आजी टाकून माझं गवत कापतोस? कसला रे नातू तू?"

त्याचे कान लाल झाले. बुटका म्हणाला, "सर, प्लीज."

"तू गप. तुला कोण बोलतंय?"

तरी दोघं मंगळवारी आली. खांदा देणारे बाकीचे तिघं ठेंगणे, हा ताडमाड. पेटी एका बाजूला कलंडेल म्हणून गार्डनमध्ये शेजाऱ्याबरोबर खांद्यावर फळी घेऊन, गुडघे वाकवून चालून बघत होता. गुजराती हसला. "बदकासारखा चालतोय, भाई." त्या दिवशी मला जरा डोळा लागला.

बुधवारी त्यानं घाण केली. समोर बसला, हात गुडघ्यात. "आजोबा, घाई नाही. वर्षभरानं, तुम्ही हो म्हणालात तर, आमच्या मंदिरात आजीच्या नावानं बाप्तिस्मा करता येतो. तिच्या जागी दुसरं कुणीतरी पाण्यात उतरतं. घ्यायचा की नाही ते तिनं तिकडं ठरवायचं. म्हणजे सगळ्यांची पुन्हा भेट होते." अन् मग म्हणाला, "फक्त तिचं जन्माचं नाव लागेल."

जन्माचं नाव! लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं मी तिचं नवं नाव लिहिलं, तेव्हापासून जुनं कुणी घेतलं नाही. आठवायला गेलो तर चटकन येईना. डोकंच फिरलं माझं.

"तिचं नाव एकदा मी बदललं. आता तू बदलणार? जन्मभर सोमवार केलेली बाई, मेल्यावर तिला पाण्यात बुडवणार तू?"

"बदलत नाही आजोबा, फक्त..."

"स्वतःच्या आजीला उचलायला गेला नाहीस. म्हणून माझी पाहिजे होय? फुकटात?"

असं बोलल्यावर मला बरं वाटलं. आणखी बोललो. "ऊठ. शुक्रवारी इथं दिसलास तर पोलीस बोलावीन." बुटक्यानं त्याला दंडाला धरून नेलं.

शुक्रवारी तिला घरी आणलं. हिरवी साडी, कपाळभर कुंकू. सवाष्ण गेली, भाग्यवान, असं बायका म्हणाल्या. कसलं भाग्य ते त्यांनाच ठाऊक. समोरच्या फुटपाथवर ती दोघं सूट घालून पावसात उभी होती. पुतण्या म्हणाला, "काका, बोलावू का त्याला? जागा आहे."

"कुणाला? मला कुणी दिसत नाही."

चौथा कोपरा फ्युनरलवाल्याच्या माणसानं घेतला. पेटी गाडीत सरकली आणि त्यानं हातमोजे झटकले.

शनिवारी सकाळी मी तिची गादी ओढत होतो. गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. जिन्याच्या वळणावर ती अडकली, पुढं जाईना, मागं येईना. तेवढ्यात बेल वाजली. तीच दोघं.

"माफी मागायला आलो, आजोबा. सोमवारी माझी बदली आहे, नॉटिंगहॅमला."

"माफी ठेव तुझ्याजवळ. बूट काढ आणि वर ये."

आला. गादीकडं बघून त्याला कळलं. मी विचारलं, "तुझ्या आजीला कुणी उचललं?"

"भावांनी. आमच्यात सहा जण उचलतात. पाचच होते."

"मग सहावा भाड्यानं आणला?"

"नाही. माझी जागा रिकामी ठेवली."

एवढं साधं मला सुचलं नव्हतं. हातमोजेवाल्याला मीच हो म्हटलं होतं.

"उचल," मी म्हटलं.

तो पुढं, बुटका मधे. मागची बाजू मी माझ्या उजव्या खांद्यावर घेतली. कळ थेट डोक्यात गेली.

"आजोबा, सोडा. आम्ही नेतो."

"पुढं बघ. पायरी आहे."

तो रडत होता, सगळी गादी हलत होती. "रडायचं तर खाली जाऊन रड," मी म्हटलं, "भिंत घासतेय."

रस्त्यापर्यंत नेली. मधे खांदा बदलला नाही.