मेन बंद, दुकान चालू

बॉबिनबाईंचं या वयात कुणाशी तरी जुळलंय, ही बातमी आमच्या गल्लीत पहिल्यांदा कुणी आणली ते आता सांगता येणार नाही. त्यांच्या समोरच माझं बटणांचं दुकान असल्यामुळे संशय माझ्यावर येतो. पण मी ती फक्त पुढे पोचवली. पुरावा मात्र भक्कम होता. रोज दुपारी एकच्या ठोक्याला बाई डबा घेऊन त्या कामाला असलेल्या दुकानाच्या मागच्या जिन्यात बसायच्या, डबा उघडायच्या आणि फोन कानाला लावायच्या. दीडपर्यंत डबा तसाच. मध्येच खुदकन हसायच्या, मांडीवरच्या वहीत काहीबाही लिहायच्या. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने तर स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, "काल तुम्ही सांगितलंत तसं केलं हो, आणि काय सांगू, एकदम मार्गी लागलं!" हे वाक्य सांगताना झेरॉक्सवाला दर वेळी आवाज आणखी खाली आणायचा.

चौपन्न वर्षांची, चष्मा दोरीने गळ्यात अडकवणारी, लग्नाच्या भानगडीत कधीच न पडलेली, भाऊ-वहिनीकडे राहणारी बाई! आम्हाला कोण आनंद झाला.

आता बाईंची ओळख करून देतो. आमच्यासमोर शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं दुकान होतं. जुन्या मशीनच्या. जी मशीन बनवणाऱ्या कंपन्यासुद्धा विसरल्या, त्यांचे भाग या दुकानात मिळायचे. भिंतभर लाकडी खण, एका हाताच्या पंजाएवढे, अकराशेच्या वर. कोणत्याही खणावर चिठ्ठी नाही. चिठ्ठी म्हणजे बाई. गिऱ्हाइकाने तुटका तुकडा तळहातावर ठेवायचा, बाईंनी चष्मा न लावता त्यावरून अंगठा फिरवायचा आणि म्हणायचं, "हे पायाच्या मशीनचं, आणि तुम्ही ते हातोडीने ठोकलंय. खोटं बोलू नका." मग न बघता मागे हात घालून तोच खण ओढायच्या.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मालकांच्या वडिलांनी त्यांच्यापुढे बॉबिनचं, म्हणजे मशीनच्या खालच्या दोऱ्याच्या रिळांचं, एक पोतं उलटं केलं होतं. छत्तीस जातींची सरमिसळ. दोन दिवसांत, कुणाला एक शब्द न विचारता, त्यांनी छत्तीस ढीग लावले. सदतिसावा ढीग छोटा होता. "ह्या बॉबिन आपल्या नाहीत, कुणीतरी परत करताना फसवलंय तुम्हाला," असं थोरल्या मालकांच्या तोंडावर सांगितलं. तेव्हापासून त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकातच राहिलं.

तर असं हे दुकान बसत चाललं होतं. गिऱ्हाईक रोडावलं. धाकटे मालक, म्हणजे आताचे, साठीचे, सज्जन आणि जरा रडके, एके दिवशी भंगारवाल्याला घेऊन आले. भंगारवाल्याने एक खण ओढला, हातात तोलला, परत ठेवला. चुकीच्या जागी ठेवला.

"पितळ वेगळं, लोखंड वेगळं," तो म्हणाला. "लाकूड जळणात जाईल."

"दोन महिने थांबा," मालक म्हणाले. "मग घेऊन जा सगळं."

बाईंनी उठून तो खण ओढला आणि त्याच्या खऱ्या जागी ठेवला. तीस वर्षं जे एकेक करून ओळखीचं केलं, ते आता किलोवर जाणार होतं. त्या दिवशी त्यांच्याकडून मला बटणांचे पैसे द्यायचे राहिले आणि मी मागितलेही नाहीत, यावरून काय ते समजा.

दुकानाची वेबसाइट होती बरं का. मालकांच्या भाच्याने परदेशी जाण्याआधी करून दिलेली. सगळ्या भागांची यादी, फोटो, मागणी नोंदवायची सोय. ती चालायची जिन्याखालच्या एका संगणकावर, झाडू आणि रिकाम्या खोक्यांच्या मध्ये. आठवड्याला तीन-चार मागण्या यायच्या. मालक म्हणायचे, "लोकांना जुनी मशीन नकोतच हो. काळ बदलला."

मग एका शिंपीणबाईंचा फोन आला. बॉबिनबाईंनी उचलला.

"काय हो, तुमचं कॉम्प्युटरवरचं दुकानसुद्धा सातला कुलूप लावतं का?"

"म्हणजे?"

"मी आठपर्यंत शिवत बसते. मग हात मोकळे होतात. तेव्हा उघडावं तर तुमचं पान येतच नाही. सकाळी येतं, पण सकाळी मला वेळ कुठाय? आमच्यातल्या सगळ्याजणी तेच म्हणतात."

बाईंनी त्या संध्याकाळी घरी जेवायला बसण्याआधी फोनवर पान उघडून बघितलं. नाही आलं. दुसऱ्या दिवशी दहाला आलं. संगणक दुरुस्तीवाला तीन वर्षं याला व्हायरस म्हणत होता आणि दर खेपेला काहीतरी बदलून जात होता.

बाईंनी व्हायरस पकडला तो संध्याकाळी सात वाजता, डोळ्यांसमोर, आणि त्याचा हात मेन स्विचवर होता. मालक!

त्याचं असं, की थोरल्या मालकांच्या तरुणपणी गल्लीतलं कापडाचं गोदाम तारा पेटून जळालं. तेव्हापासून त्यांनी नियम केला: दुकान बंद करताना मेनची दांडी स्वतःच्या हाताने खाली ओढायची, दोनदा थोपटायची, मगच कुलूप. मुलाने, म्हणजे आताच्या मालकांनी, तो नियम एक दिवसही चुकवला नव्हता. ताप असला तरी रिक्षा करून दांडी ओढायला यायचे. आणि दांडीबरोबर जिन्याखालचा संगणक रोज सातला मान टाकायचा. शिंपी लोक हात मोकळे करून सामान शोधायला बसत तेव्हा दुकान अंधारात. तीन वर्षं! आणि भाच्यापासून दुरुस्तीवाल्यापर्यंत कुणाच्या डोक्यात हे आलं नाही, कारण ते सगळे सातच्या आत घरी जायचे.

"मालक, एवढी दांडी नका ओढू," बाई म्हणाल्या.

"बाई, दुसरं काहीही सांगा. वडिलांचा शब्द आहे."

दुसरी कुणी असती तर भांडली असती, रडली असती, गुपचूप वायर तरी टाकली असती. बाई आठ दिवस गप्प राहिल्या. जिन्यातले फोन सुरू झाले ते याच आठ दिवसांत, हे झेरॉक्सवाल्याने तारखेसकट सांगितलंय. नवव्या दिवशी त्या मालकांसमोर उभ्या राहिल्या.

"दांडी तुम्ही रोज ओढा. दुकान दुसरीकडे चालू राहील."

"दुसरीकडे कुठे?"

"भाड्याच्या संगणकावर. आपण शिवणशाळेला मशीन भाड्याने देतो की नाही? मशीन आपलं, तेल आपलं, बिघडलं तर निस्तरायचं आपण. मुलींनी फक्त शिवायचं. तसंच हे. मोठ्या इमारतीत हजारो संगणक रांगेने लावलेत. वीज जायला नको म्हणून जनरेटर, तापायला नकोत म्हणून गारवा, बघायला माणसं. त्यातला आपल्यापुरता तुकडा घ्यायचा आणि वेबसाइट तिथे ठेवायची. क्लाउड होस्टिंग म्हणतात."

"म्हणजे आपला माल तिकडे?"

"माल इथेच, मालक. माझ्या मागे. यादी तिकडे."

"आणि त्यांचा संगणक मेला तर?"

"शेजारचा काम उचलतो. यादीची एक प्रत दुसऱ्या गावातल्या इमारतीत ठेवायला सांगितली आहे. आपल्या जिन्याखाली एकच आहे, आणि त्याच्या डोक्यावर नळाचा पाइप आहे."

मालकांनी पाइपकडे असं पाहिलं, जणू तो आजच बसवलाय.

"कुणी यादी चोरली तर?"

"किल्ली आपली. पासवर्ड मी ठेवणार, आणि तो घातला तरी तुमच्या फोनवर आकडा आल्याशिवाय दार उघडत नाही. तेव्हा फोन घरी विसरायचं आता बंद करा." मग प्रामाणिकपणे भर घातली, "एक आहे. आपल्या गल्लीतलं इंटरनेट गेलं तर आपल्याला पान दिसायचं नाही. पण शिंपिणींना दिसेल, आणि बघायचंय त्यांनाच."

मालकांनी मेनच्या दांडीवर हात ठेवला. मग म्हणाले, "दांडी ओढायची ना पण?"

"दोनदा थोपटायचीसुद्धा."

वेबसाइट हलली. बाई फोन घेऊन घरी बसल्या. आठ वाजले, पान उघडलं. नऊला उघडलं. आणि चार दिवसांत मागण्या आल्या दोन.

इथे बाईंची चूक झाली होती, आणि अशी चूक फक्त त्याच करू शकतात. यादी हलवताना त्यांनी प्रत्येक भागाचे नवे फोटो काढून चढवले होते, कारण भाच्याचे फोटो त्यांना बघवत नव्हते. काढले ते असे, की स्प्रिंगवरचा गंज मोजून घ्यावा. अकराशे भाग, प्रत्येकाचे चार कोनांतून चार. एकेक फोटो एवढा जड की शिंपिणीच्या साध्या फोनवर पान उघडेपर्यंत सदऱ्याला काजं करून होत. "गिऱ्हाइकाला अंगठा फिरवता येत नाही, मग डोळ्यांना तरी नीट दिसायला नको?" असा त्यांचा हिशेब. शेवटी एका दुपारच्या फोननंतर तोंड कडू करून त्यांनी सगळे फोटो लहान केले. तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत एकदाही हसल्या नाहीत, त्यामुळे गल्लीत बातमी अशी होती की दोघांचं फिस्कटलं.

त्यानंतर मात्र मागण्या यायला लागल्या. रोज आठ, मग पंधरा. आलेल्या वेळा बघा: साडेसात, आठ, पावणेनऊ. पण भंगारवाल्याला दिलेली तारीख सोमवारची होती आणि मालकांनी अजून नाही म्हटलं नव्हतं. रोजच्या पंधरा पुड्यांवर दुकानातली सहा माणसं जगत नाहीत, हे त्यांचंही खरंच होतं.

आदल्या रविवारी दुपारी बाई घरी वहिनीबरोबर भाजी निवडत होत्या. पुढचं सगळं वहिनीनेच नंतर माझ्या बायकोला सांगितलं, म्हणजे गल्लीला सांगितलं. झालं होतं असं: शिवण शिकवणाऱ्या एका बाईंना बॉबिनबाईंकडून बॉबिन बसवायचं एक जुनं शटल मिळालं होतं, जे त्या सहा वर्षं शोधत होत्या. त्यांनी आपल्या शिंपिणींच्या इंटरनेटवरच्या ग्रुपवर दुकानाचा पत्ता टाकला. ग्रुपमध्ये माणसं चाळीस हजार. सगळ्या एकदम दारात! पान अडखळायला लागलं. बाईंचा फोन टिंगटिंग करायला लागला.

भाजी बाजूला सारून बाईंनी फोन कानाला लावला. वहिनीने ऐकलेले शब्द असे: "हो... खूप गर्दी आहे हो... तुम्ही आहात ना, मग मला भीती नाही."

वहिनीच्या हातातली जुडी तशीच राहिली.

फोन ठेवून बाई स्क्रीनवर बोट मारत सुटल्या. "दोन जादा मागवले," त्या म्हणाल्या.

"काय मागवले, वन्सं?"

"संगणक."

"अगं बाई! ठेवायचे कुठे?" वहिनी दार उघडून जिन्यात बघून आली.

"इथे नाही गं येणार. तिकडेच जोडले. शिवणशाळा परीक्षेच्या महिन्यात सहा मशीन जादा नेते आणि मग परत देते, तसं. गर्दी ओसरली की परत करेन."

"आणि मगाशी फोनवर कोण होतं?"

"भाजी निवड," बाई म्हणाल्या.

अर्ध्या तासात पान पुन्हा पहिल्यासारखं उघडायला लागलं. गर्दी संध्याकाळपर्यंत टिकली. सात वाजता मालक नेमाने दुकानावर आले, रविवार होता तरी, दांडी खालीच आहे ना हे बघितलं, दोनदा थोपटली आणि गेले. अंधाऱ्या दुकानाबाहेर उभ्या त्या माणसाला कल्पना नव्हती की आत या क्षणी सातशे गिऱ्हाइकं हिंडताहेत.

सोमवारी सकाळी भंगारवाला टेम्पो घेऊन हजर. बाईंनी दोन जादा संगणक तिकडे परत करून टाकले होते आणि काउंटरवर मागण्यांचे कागद छापून ठेवले होते. चारशे सोळा. मालकांनी पहिले दहा-वीस वाचले, मग खुर्चीत बसले, मग पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. एका कागदावर कुणीतरी भागाच्या नावाऐवजी लिहिलं होतं: "माझ्या आईच्या मशीनचा हा तुकडा आहे. बाईंना दाखवा, त्या ओळखतील." बाईंनी फोटो बघितला आणि खण ओढला.

"मग उचलायचं ना?" भंगारवाल्याने विचारलं.

"उचला," मालक म्हणाले. बाईंचा हात खणावरच थांबला. "तो जिन्याखालचा संगणक. बाकी कशाला हात लावू नका."

आमच्या गल्लीत मग रांगच लागली. झेरॉक्सवाला, मोजेवाला, चष्मेवाला, सगळे आपापल्या याद्या घेऊन. कुणाला क्लाउड लागतो आणि कुणाला साधी वहीच पुरते, हे बाई स्पष्ट सांगायच्या. मला वही पुरते असं सांगितलं, आणि मी अजून रागावलेलो आहे. तरी एवढं कबूल करतो, की आमच्यात शिकलेसवरलेले पुष्कळ होते, पण मालकाचा हट्ट न मोडता त्याचं दुकान वाचवणारी ती एकटीच निघाली.

राहता राहिला दुपारचा फोन. बाई त्या भाड्याच्या संगणकवाल्या होस्टिंग कंपनीच्या मदतकक्षाला फोन करायच्या. दुपारी एक ते दीड ही बाईंची जेवणाची सुट्टी होती आणि प्रश्न विचारायला तेवढाच वेळ मिळायचा. फोन उचलणारा एक माणूस नव्हता. पाळीप्रमाणे सात जण होते, त्यातल्या चार बायका. बाई त्यांच्यापैकी कुणालाही कधी भेटल्या नाहीत.