घरी काय सांगाल?

घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी माझ्या दवाखान्यात येणारा तो म्हातारा शेतकरी मला नावानं आठवत नाही. आठवतात ते त्याचे मिटलेले डोळे. त्याचा रक्तदाब वाढलेला होता. दर खेपेला मी गोळ्या लिहून देई आणि घाईत विचारी, "समजलं ना?" तो मान हलवी. तरी दाब उतरत नव्हता, आणि मला त्याच्या लकव्याची भीती वाटू लागली होती.

एका दुपारी मी वेगळं विचारलं, "घरी गेल्यावर बाईंना काय सांगाल?"

त्यानं टोपी मांडीवर ठेवली, डोळे मिटले. रस्त्यावरच्या गाडीतून सुटलेला कापसाचा पुंजका खोलीत तरंगत होता. बायको शेजारी बसल्यासारखा तो हळू बोलू लागला, "गोळी आणली वं. गरगरलं का खाईन, नाई त ठेवून देईन. कीड दिसल्यावरच फवारतो ना आपुन?"

मी खुर्ची जवळ ओढली. गरगरलं नाही तरी हा दाब आतून शिरा खराब करत राहतो, म्हणून गोळी रोज घ्यायची, असं सावकाश समजावलं. "आता पुन्हा सांगा बाईंना."

डोळे पुन्हा मिटले. "ऐकून राह्यली का वं? बरं वाटलं तरी गोळी रोज घ्या लागते. मी इसरलो त तू हटकजो." मग तिचं उत्तर ऐकायला त्यानं कान दिला.

"काय म्हणतात बाई?"

तो डोळे न उघडताच हसला. "म्हणते, डॉक्टरसायबानं हे अगुदर काहून नाई सांगतलं?"

त्याच्या शेजारच्या रिकाम्या बाकाकडे पाहत मी म्हणालो, "चुकलं माझं, बाई."