बाईने बांधलेली धर्मशाळा

घाटाच्या पायथ्याची जुनी धर्मशाळा बघायला मी मुद्दाम एसटीतून उतरले. आता तिथे बार आहे. खांबांना हिरवा ऑइलपेंट, ओसरीवर रिकाम्या बाटल्यांचे क्रेट. मी चहा मागितला, तर गल्ल्यावरचा मालक म्हणाला, "मॅडम, लेडीजना इथं बसता येत नाही."

ही जागा एका विधवेने वाटसरूंसाठी बांधली, असं दारावरच्या दगडात कोरलंय. मी ते त्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

"जुनं आहे ते," तो पुटपुटला.

मला संताप आला. बाईने बांधलेल्या छपराखाली बाईलाच जागा नाही! मी खुर्ची ओढून दाराच्या मधोमध बसले. "चहा आणा. प्यायल्याशिवाय उठणार नाही."

चहा आला. तो संपेपर्यंत आत जाणाऱ्या प्रत्येकाला मला वळसा घालावा लागला.