बायकोच्या मापाची पेटी

गल्लीच्या तोंडाशी पेटीवाल्यांचं दुकान होतं आणि पेटीवाले साऱ्या गल्लीच्या चेष्टेचा विषय होते. आठ बाजूंची, बारा बाजूंची लाकडी पेटी त्यांच्याइतकी सुबक कुणी करत नसे; पण बोलायचं म्हटलं की माणूस असा चिक्कू, जणू शब्दागणिक कर बसतो. लग्नाआधी बायकोला पहिल्यांदा भेटायला गेले, तेव्हा म्हणे एकच वाक्य बोलले, "तुमच्या कपाटाचं दार घासतंय." तेवढ्यावर ती हो म्हणाली. ह्यात हो म्हणण्यासारखं काय होतं, यावर गल्लीतल्या बायकांनी कित्येक दुपारी घालवल्या.

दुकान चालायचं मापावर. चहाचा व्यापारी येऊन सांगे, पाव किलो पत्ती मावेल अशी बारा बाजूंची करा. चौकोनी डब्याचं घनफळ कुणीही काढील. वरखाली, चहूकडे सारख्याच पंचकोनी फळ्या असलेल्या बारा बाजूंचं काढताना भल्याभल्यांची बोबडी वळते. पेटीवाल्यांची रीत अशी, की पेटीच्या पोटात बरोब्बर मधोमध एक टिंब मानायचं. तिथून साऱ्या कोपऱ्यांकडे रेघा ओढल्यात असं धरलं, की पेटीचे बारा टोकदार मनोरे होतात. एकेक बाजू एकेकाचा पाया, आणि सगळ्यांची टोकं त्या टिंबात. एका पायाचं क्षेत्रफळ गुणिले मनोऱ्याची उंची, भागिले तीन. त्याची बारापट केली की झालं.

हिशेब ते करत, पडताळा बायको घेई. पेटीत काठोकाठ मोहरी भरायची आणि ती मापाच्या भांड्यात ओतायची. चुकेल त्यानं चहा करायचा.

"अहो गणिती, चमचाभर कमी भरतेय."

"तू नीट हलवून भरली नाहीस."

"बरं, नाही हलवली. चहा तुम्हीच करा."

तिची तक्रार एकच. "जगाला पेट्या, आणि माझे सुईदोरे बिस्किटांच्या डब्यात!"

"करतो की," ते म्हणत. त्या 'करतो की'वर दोघांचे केस पांढरे झाले.

मग ती अंथरुणाला खिळली. तिला उचलून न्हाणीत न्यायचं, खिडकीशी बसवायचं, परत पलंगावर ठेवायचं, सगळं पेटीवालेच करत. लेक राहायला आली, तर तिलाही हात लावू देईनात.

"तू सांडशील," ते म्हणाले.

"मी काय मोहरी आहे?" पलंगावरून आवाज आला.

थंडी सरता सरता ती गेली. विद्युतदाहिनीतल्या कारकुनानं लेकीला विचारलं, राख कशात ठेवणार?

"मी करतो," पेटीवाले मागून म्हणाले.

"वजनावरून राखेचा अंदाज सांगतो तुम्हाला. किती होतं त्यांचं?"

लेकीनं बापाकडे पाहिलं.

"बासष्ट," बाप चटकन बोलला.

कारकुनानं माप सांगितलं आणि पेटीवाले अक्रोडाचं लाकूड घेऊन बसले. आयुष्यात तिच्यासाठी एक पेटी करायची राहिली होती, ती तरी तिला अंगासरशी बसावी, एवढाच त्यांचा हट्ट. हिशेब पुन्हा पुन्हा तपासला. जेवायला हाक मारली तरी उठेनात.

राख घरी आली. लेकीनं पिशवी धरली, त्यांनी कागदाचं नरसाळं. भुरभुर राख पडत राहिली आणि मग थांबली. पेटी जेमतेम निम्मी भरली होती.

लेकीनं पिशवी झटकून पाहिली. "बाबा, हिशेब चुकला."

"हिशेब बरोबर आहे."

"मग तिकडेच राहिली असेल." तिनं तरातरा फोन लावला. कारकून बिचारा सज्जन. म्हणाला, "राहिलेली नाही हो, ताई. लांबलेल्या दुखण्यात हाडंसुद्धा झिजतात. तुम्ही वजन कधीचं सांगितलंत?"

तिनं फोन ठेवला. "बाबा, आई बासष्ट किलो कधी होती?"

"आजारी नव्हती तेव्हा."

"रोज तुम्ही उचलत होतात तिला! तुम्हाला कळलं नाही?"

पेटीवाल्यांनी पेटीच्या कडेवर सांडलेली राख बोटानं आत लोटली. मग म्हणाले, "कळत होतं. रोज कळत होतं. कालच्यापेक्षा आज हलकी लागायची. म्हणून तर तुला उचलू देत नव्हतो. तुला कळलं असतं, आणि तुझ्या तोंडावरून तिला."

लेक खालीच बसली. नाक पुसून म्हणाली, "दुसरी करा ना, लहान. हिच्यात तिला केवढी मोकळी जागा..."

"नको. चांगली धडधाकट होती ती. तिच्या मापाची आहे ही."

त्यांनी कडेला सरस लावला, झाकण बसवलं आणि पेटी मांडीवर घेतली. जरा कलली की आत राख एका अंगाला सरकल्याचा आवाज येई. म्हणून अंधार पडला तरी दिवा लावायलाही न उठता, दोन्ही हातांनी पेटी सरळ धरून ते बसून राहिले.